समुद्रकडा पाहायचा कुठून?

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा कोकणात कितीतरी वर्षं चालू आहे. आता खाड्यांवरच्या पुलांची कामं हलायला लागली आहेत. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे आज गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडे जावं लागतं. पूल झाले की मुंबई-पुण्याची गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने थेट खाली उतरेल. ही गर्दी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, थांबणारी नाही. पुळण संपते तिथे कडा सुरू होतो, आणि हल्ली लोकांना कडाच बघायचा असतो. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणावर ती गर्दी आजच दिसते.

आणि दर पावसाळ्यात एक बातमी येतेच. फोटो काढताना तोल गेला, लाटेने ओढून नेलं, शोध सुरू आहे. त्यावर लोक म्हणतात, मस्ती नडली. मला ते पटत नाही. यातले बरेच जण मस्ती करत नसतात. पायाखालची जमीन पक्की आहे असं समजून ते उभे असतात, किंवा समुद्र खाली आहे, इथवर पाणी येत नाही असं समजून उभे असतात. दोन्ही समजुती वरवर बघता रास्तच आहेत. कोकणातल्या कड्यांवर मात्र दोन्ही दगा देतात. तो कसा, हे नीट समजून घेतलं तर कडे सुखाने बघता येतात.

पुळण इथे आणि कडा तिथे, असं का?

नकाशात कोकणचा किनारा दातेरी दिसतो. डोंगराचं एक नाक समुद्रात शिरलेलं, मग आत वळलेली पुळण, मग पुन्हा नाक. समुद्रात शिरलेल्या या नाकाला भूशिर म्हणतात. उथळ पाण्यात आली की लाट मंदावते. भूशिरासमोर पाणी आधी उथळ होतं, त्यामुळे लाटेचा तेवढाच भाग आधी मंदावतो आणि दोन्ही बाजूंचं पाणी भूशिराकडे वळतं. लाटांचा जोर असा नाकावर एकवटतो आणि मधल्या वळणात पसरून ओसरतो. नाकावर खडक तुटून कडा होतो, वळणात वाळू साचून पुळण होते. वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, भोगवे, कुठेही जा, पुळणीच्या टोकाला खडक भेटतो तो यामुळेच.

म्हणजे कडा ही किनाऱ्यावरची सगळ्यात जास्त मार खाणारी जागा. तो उभा राहतो, कारण तो तुटत असतो. खालून तुटणं थांबलं तर काळाच्या ओघात माती घसरून उतार तयार होईल, त्यावर करवंदी वाढेल आणि कड्याची साधी टेकडी होईल. सरळसोट उघडा कडा दिसला, की तिथलं तुटणं अजून चालू आहे असंच समजायचं.

आपल्याकडे हे कडे मुख्यतः दोन प्रकारच्या दगडांचे आहेत. एक काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यातून तो झाला. दुसरा जांभा. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी मूळ खडक लाखो वर्षं कुजवला, त्यातली वाळूच्या जातीची द्रव्यं धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा तांबडा, सच्छिद्र दगड झाला. रायगडच्या किनाऱ्यावर काळा कातळ जास्त. रत्नागिरीपासून खाली डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सपाट सडे. मालवण-वेंगुर्ल्याकडे याहून जुने खडकही आहेत, पण ते इथे बाजूला ठेवू.

जांभ्याचा कडा मागून सुटतो

चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामासाठी कापलेल्या जांभ्याच्या ठोकळ्यांच्या, खाणीत काम बघितलेल्याला हे लगेच समजेल. खाणीतून निघालेला ताजा चिरा मऊ असतो, म्हणून तो कापता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होतो. सड्याचंही तसंच आहे. वरचा, उघड्यावरचा थर कडक. त्याखालचा जांभा मऊ आणि भोकाभोकांचा. त्याखाली पांढरट, पिवळसर, कुठे गुलाबी अशी चिकणमाती. आणि तिच्याखाली कधीतरी काळा कातळ लागतो. कोकणात विहीर खणणाऱ्यांना हे थर तोंडपाठ असतात.

आता यावर पाऊस पडतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलीमीटरहून जास्त पडतो. सड्यावरचं पाणी भोकांतून खाली झिरपतं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि आडवं वाहायला लागतं. कड्याच्या पोटात मध्येच झरे फुटलेले दिसतात ते याच पाण्याचे. हे पाणी बाहेर पडताना थोडी थोडी माती घेऊन जातं. खाली पडलेला ढिगारा लाटा उचलून नेतात, म्हणजे कड्याच्या पायाला आधार द्यायला काही उरत नाही. वरचा कडक थर मात्र जागच्या जागी राहतो आणि हळूहळू समुद्रावर अधांतरी बाहेर येतो.

अंगणातल्या कोब्याचं असंच होतं. पागोळ्यांच्या पाण्याने कडेची माती वाहून जाते, कोबा वरून तसाच गुळगुळीत दिसतो, आपण त्यावरून रोज ये-जा करतो, आणि एक दिवस कोणी भाताचं पोतं आपटतं आणि कडेचा तुकडा खाली बसतो. पोत्याचा त्यात फारसा दोष नसतो. पोकळी आधीच झालेली असते.

फरक इतकाच की कोब्याच्या बाजूला जाऊन वाकून बघता येतं. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्याला आपल्या पायाखाली काय आहे ते दिसत नाही. सगळ्यांना ते दिसतं, बोटीतल्या माणसाला, शेजारच्या पुळणीवरच्या माणसाला, फक्त त्यालाच नाही. माझ्या मते कड्यांबद्दल एवढी एकच गोष्ट कळली तरी अर्धं काम झालं.

काही खुणा मात्र वरूनही दिसतात. टोकाला समांतर जाणारी भेग ही पहिली. भेगेच्या समुद्राकडचा तुकडा सुटायला लागलाय, एवढं तिच्यावरून ओळखावं. दुसरी खूण रंगाची. जांभ्याचा जुना पृष्ठभाग शेवाळाने आणि पावसाने काळवंडलेला असतो, ताजा तुटलेला भाग लालभडक किंवा पिवळसर दिसतो. बाजूने बघताना काळ्या कड्यावर असा लाल डाग दिसला, तर तिथून नुकतीच दरड गेलीय आणि तिच्या वरचा, शेजारचा भागही पक्का धरू नये.

पाऊस थांबला की धोका संपला असंही नाही. पोटातलं पाणी नंतर कितीतरी दिवस झिरपत राहतं. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात, गणपतीला आलेले चाकरमानी मुलाबाळांना घेऊन फिरायला निघतात, आणि नेमक्या त्याच वेळी भेगा गवताखाली झाकलेल्या असतात. शिवाय जांभ्यावरची सुटी बारीक खडी चपलेखाली घरंगळते ती वेगळीच.

किती आत थांबावं? सगळ्या कड्यांना लागू पडेल असा आकडा सांगता येणार नाही, कारण पोकळी किती आत गेलीय ते जागेजागेवर बदलतं. मी तरी दहा-बारा पावलं अलीकडेच थांबतो, आणि भेग दिसली तर त्याहून बरंच आधी.

काळा कातळ तरी पक्का ना?

जांभ्याच्या मानाने पक्का, हे खरं. पण लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभे-आडवे सांधे पडले. लाट आदळते तेव्हा सांध्यातली हवा आत कोंडून दाबली जाते, लाट मागे हटली की ती एकदम सुटते. हे दिवसाला हजारो वेळा होतं. वर लाटेबरोबर येणारे गोटे ठोकत असतातच. सांधा रुंदावत जातो आणि त्याची घळ होते.

हे डोळ्यांनी बघायचं तर गुहागर तालुक्यात हेदवीला जावं. समुद्रालगतच्या उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक अरुंद, खोल चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. ओहोटीला ती नुसती चीर दिसते. भरतीला लाट तिच्या तोंडातून आत शिरते, दोन्ही भिंतींमध्ये आवळली जाते, पुढे वाट नाही म्हणून वर उसळते आणि पाण्याचा फवारा डोक्यावर जातो. आधी आतून घुमल्याचा आवाज येतो, मग पाणी. खडक कसा चिरला जातो, याचं इतकं स्पष्ट प्रात्यक्षिक क्वचितच बघायला मिळेल. ते भरतीलाच बघायचं असतं. म्हणूनच मागे, उंचावर, कोरड्या खडकावर उभं राहून बघावं. घळीच्या काठावरचा दगड ओला आणि बुळबुळीत असतो, आणि आत पडलेल्याला बाहेर काढणं फार अवघड आहे.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला जाळीदार खळगे पडलेले दिसतात. ते मिठाचं काम. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. खळगे सुंदर आहेत, वाट तर त्याहून सुंदर. पण ती समुद्राने कोरलेल्या सपाटीवरून जाते, म्हणजे जागा मुळात समुद्राचीच आहे. इथे दगड तुटायची भीती कमी, लाटेची जास्त.

“मघापासून बघतोय, लाट इथवर येत नाही”

हे वाक्य खडकावर हमखास ऐकू येतं. त्याचा हिशेब करून बघू.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था समुद्राच्या लाटांचा अंदाज देते. त्यात ‘लाट ३ मीटर’ असं असेल, तर ती सगळ्यात मोठी लाट नव्हे. आलेल्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. साधारण हजार लाटांत एखादी लाट या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट भरते, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास. दहा सेकंदांना एक लाट धरली तर हजार लाटा यायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. पंधरा मिनिटं उभ्या असलेल्या माणसाने जेमतेम नव्वद लाटा पाहिलेल्या असतात. मोठी लाट त्याने अजून पाहिलेलीच नाही. आणि हे उघड्या पाण्यातल्या उंचीचं झालं. उभ्या खडकावर आपटल्यावर पाणी त्याहून कितीतरी वर चढतं.

आभाळ स्वच्छ आहे, वारा पडलाय, म्हणून समुद्र शांत असेल, हेही गृहीत धरू नये. पार दक्षिणेकडे हिंदी महासागरात वादळ झालं तर त्याच्या लांब लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे बातमीही नसते आणि पाणी खडकावर चढलेलं असतं. पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत, ऐन सुट्टीतही असं होतं. अशा वेळी इन्कॉइस इशारा देते. जायच्या दिवशी तो बघणं दोन मिनिटांचं काम आहे.

मग पाणी कुठवर येतं ते ओळखायचं कसं? खडकच सांगतो. अगदी खाली कालवं, म्हणजे खडकाला धरून राहणारे शिंपले, चिकटलेली असतात, तो भाग रोज पाण्याखाली जातो. त्याला लागून हिरवं, घसरडं शेवाळ. त्याच्या वर काळपट पट्टी, तिथवर लाटांचे सपकारे पोचतात. गवत आणि झुडपं सुरू होतात तिथून पुढची जमीन आपली. भर उन्हात एखादा खडक ओला चमकत असेल, तर तिथे थोड्या वेळापूर्वीच पाणी आलं होतं. त्यावर बसायला जाऊ नये, बस.

भरती तिथीवरून कळते

भरती-ओहोटी दिवसातून प्रत्येकी दोनदा, आणि रोज वेळ साधारण पाऊण तास ते ५० मिनिटं पुढे सरकते. जुन्या लोकांचा हिशेब सोपा: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा आणि अमावास्येला सव्वाअकरा. नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि तितक्याच वेळाने पुन्हा भरती. हा अंदाज आहे. गावागावात थोडा फरक पडतो, कधी तासाभराचाही, त्यामुळे अडीअडचणीला उपयोगी, मिनिटावर विसंबायला नाही.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि भरती सगळ्यात मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला ती सगळ्यात लहान, तिला भांग. आता हरिहरेश्वरचा विचार करा. पौर्णिमेला देवदर्शनाला गर्दी जास्त. दर्शन होऊन लोक प्रदक्षिणेला निघतात त्या वेळेला, म्हणजे अकरा-बाराच्या सुमाराला, तिथे उधाणाची भरती असते. पंधरवड्यातली सगळ्यात वाईट वेळ. त्याच दिवशी पाचच्या पुढे वाट बरीचशी मोकळी होते. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, पण ओहोटीही फार आत जात नाही, तेव्हा खालचे दगड ओलेच राहतात. देवळातल्या माणसांना ही वेळ रोज ठाऊक असते. विचारून निघावं, आणि पावसाळ्यात ती वाट सोडूनच द्यावी.

“गावची माणसं तर रोज जातात”

जातात. कालवं काढायला जातात, गरी टाकून बसतात. पण ती ओहोटी बघून उतरतात, समुद्राकडे पाठ करत नाहीत, आणि पाणी भरायला लागलं की अर्धं काम टाकून वर येतात. शिवाय ठरावीक खडकांवरच जातात. कुठला दगड हलतो हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होड्या लोटत नाहीत. समुद्रावर पोट असलेली माणसं ज्या दिवसांत मागे राहतात, त्या दिवसांत फिरायला आलेल्यांनी पुढे जाऊ नये.

“एवढे किल्ले शेकडो वर्षं कड्यावर उभे आहेत की!”

रत्नदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, देवगड. हा मुद्दा चांगला आहे. पण किल्ला बांधणाऱ्यांनी जागा निवडून घेतली होती आणि बांधून झाल्यावरही डागडुजी चालू ठेवली होती. ती थांबल्यावर समुद्राकडचे तट कुठे कुठे ढासळत आहेत, ते जाऊन बघता येतं. आणि कड्याचा जो भाग पडून गेला तो आज दिसायला उरलेलाच नाही. उरलेलं बघून सगळं टिकतं असा निष्कर्ष काढता येत नाही. तटाच्या आत उभं राहून समुद्र बघणं हा किल्ल्यावरचा सगळ्यात चांगला मार्ग. तटावर चढून बाहेर पाय सोडणं नको.

“मग रेलिंग लावून टाका”

ही मागणी प्रत्येक अपघातानंतर होते. टोकावर रोवलेलं रेलिंग त्याच अधांतरी थरात रोवलेलं असतं. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं, आणि रेलिंग दिसलं की माणूस त्यावर भार देतो. रेलिंग लावायचं तर बरंच आत लावावं लागेल. करवंदीची किंवा निवडुंगाची दाट वई, म्हणजे कुंपण, लावली तर ती गंजत नाही आणि तिच्यावर कोणी रेलत नाही. ग्रामपंचायतींना हे फार खर्चाशिवाय करता येण्यासारखं आहे, आणि सागरी रस्त्याची गर्दी वाढण्याआधी झालं तर त्याचा उपयोग.

खरी काळजी वेगळीच वाटते. सड्याच्या टोकावर ‘सी व्ह्यू’ म्हणून रिसॉर्ट होतात, तिथे शोषखड्डे, लॉन, पोहण्याचे तलाव येतात. निसर्गात पावसाचे चार महिने सोसणाऱ्या त्या चिकणमातीवर मग बारा महिने पाणी झिरपत राहतं. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात दाट वस्ती असेल तर ५० मीटर आणि विरळ असेल तर २०० मीटर पट्टा बांधकामाला निषिद्ध आहे. पण तो भरतीरेषेपासून मोजतात, कड्याच्या टोकापासून नाही. उभ्या कड्याच्या जागी ही दोन अंतरं फार वेगळी नसतात, त्यामुळे ५० मीटर आत बांधलेली इमारत टोकापासूनही तेवढ्यावरच असते. जांभ्याच्या कड्यावर हे पुरेसं आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा. जागा विकत घेणाऱ्यानेही विचारावा.

मग कडा बघायचा कुठून?

बाजूने. कड्याची उंची, त्यातले थर, पोटातले झरे, पायथ्याची कपार, यातलं काहीच टोकावरून दिसत नाही. तिथून दिसतो तो फक्त समुद्र, आणि तो पुळणीवरूनही दिसतो. रत्नदुर्गाचं भूशिर बघायचं तर रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर जा. निवतीचा डोंगर भोगव्याच्या पुळणीवरून बघा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून, टोकाकडे न जाता, सुवर्णदुर्ग आणि हर्णैचा किनारा मोकळा दिसतो. पावसाळा सोडून जिथे बोटी चालतात तिथे बोटीतून बघितलेला कडा तर वेगळाच.

वेळ दुपारी चारनंतरची धरा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी कडा सावलीत असतो आणि काळा ठिक्कर दिसतो. दुपार उतरली की ऊन समोरून पडतं आणि जांभ्याचे लाल, पिवळे थर एकेक करून उठून दिसतात. सूर्यास्त झाल्यावर मात्र रेंगाळू नका. टोक, भेग आणि पायवाट तिन्ही अंधारात एकाच रंगाची होतात.

कोणी पाण्यात पडलंच तर

मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही बुडाल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, दोरी, तरंगेल असं हाताशी असेल ते फेका. एकाने बाकी काहीही न करता फक्त त्या माणसावर नजर आणि बोट रोखून उभं राहायचं. लाटांमध्ये डोकं एकदा नजरेआड झालं की परत सापडत नाही. दुसऱ्याने ११२ ला आणि तटरक्षक दलाच्या १५५४ ला फोन करायचा, तिसऱ्याने वाडीत धावायचं, कारण होडी सगळ्यात आधी तिथूनच येणार.

आपण स्वतः पडलो तर खडकावर परत चढायची धडपड करू नये. पुढची लाट तिथेच आपटते आणि कालवांच्या धारेने हात-पाय सोलून निघतात. खडकापासून लांब व्हायचं, पाठीवर तरंगायचं, दम राखायचा, आणि लाटांचा जोर कमी असेल त्या पुळणीच्या बाजूला हळूहळू सरकायचं. फोनवर जागा सांगताना नुसतं ‘बीचवर’ म्हणू नका. गाव, वाडी, जवळचं देऊळ, आणि पुळणीच्या उत्तरेकडच्या खडकावर की दक्षिणेकडच्या, एवढं सांगितलं की होडीवाला सरळ तिथे येतो.